आखाजीचं पान आणि सत्तेचाळीसची शेवरलेट

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव ‘जुनी गाडी, जुनी आठवण’. अॅडमिन मी. घरातला जुना फोटो टाकायचा, त्यात गाडी हवी आणि खाली घरची एक आठवण लिहायची, एवढाच नियम. सकाळी उठून गुलाबाची फुलं नाहीतर जोडलेले हात पाठवणाऱ्यांना मी सरळ बाहेर काढते. त्यात माझा सख्खा दीरही गेला. अडतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, शिस्त काही अंगातून जात नाही.

फोटोतली गाडी ओळखायचं काम गोवर्धनभाऊंचं. अकोल्यात त्यांचं गॅरेज होतं, आता बंद आहे. वय चौऱ्याहत्तर. बायको सत्यभामा सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा कुलदीप हैदराबादला, त्याचा फोन रविवारी. बाकी सहा दिवस भाऊ आणि ग्रुपवरच्या गाड्या. नुसत्या मडगार्डवरून ते मॉडेल सांगतात. प्रत्येकाला एकच विनंती करतात, “फोटो पुरा टाका जी, कडा कापू नोका.”

ही म्हातारपणाची किरकिर असं मी समजत होते. मग एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील चंद्रभान एका जिनिंगवाल्या शेठचे ड्रायव्हर. शेठची सत्तेचाळीसची शेवरलेट. एक दिवा फुटला तेव्हा ट्रकचा बसवला, म्हणून डावा डोळा मोठा. ती गाडी जिल्हाभर लग्नांना जायची. आमच्या ग्रुपवर नऊ घरांनी तिचा फोटो ‘आमच्या आजोबांची गाडी’ म्हणून टाकला. भाऊंनी एकालाही खोटं पाडलं नाही. ते गाडीच्या कडेला कोणाची टोपी, कोणाचा हात दिसतो का, ते बघत होते.

“फोटो काढाची वेळ आली का म्हणत, ड्रायव्हर, बाजूले हो,” ते म्हणाले. “मी आठ वर्षाचा होतो तवा बाप गेला. एक फोटो नाही मॅडम माह्यापाशी. चेहरा आठवत नाही आता. मनगट तेवढं आठवते.” गाडीला हँडल मारताना उलटा झटका बसून चंद्रभानचं उजवं मनगट मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं.

यंदा हिवरखेडच्या करिश्मानं फोटो टाकला. तसबिरीच्या काचेवर उजेड चमकत होता, नीट काही दिसेना, पण डावा दिवा मोठा होता. भाऊंनी मूळ फोटो हातात घेऊन बघायची परवानगी मागितली. तिनं आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बोलावलं, तेव्हा सगळे घरी असतील. भाऊंना एकट्याला एसटीनं कसं पाठवायचं, म्हणून मीही निघाले.

घर शेतकऱ्याचं, माणसांनी भरलेलं. कुरडया तळल्याचा वास दारापर्यंत. करिश्माचे सासरे श्रावणभाऊ, सहासष्ट वर्षांचे, त्यांनी हौसेनं आम्हाला भिंतीपाशी नेलं. हार घातलेली मोठी रंगीत तसबीर. टोपी, बारीक मिशी, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

“हे आमचे बाबा, रामराव. मी मायच्या पोटात होतो तवाच गेले. माय गेल्यावर तिच्या पेटीत हा फोटो भेटला. तेल्हाऱ्याले स्टुडिओत नेऊन मोठा केला. नवरदेवानं सोता गाडी चालवली, पाहा! साठी उलटल्यावर मले माहा बाप दिसला.”

मी तसबिरीतलं उजवं मनगट पाहिलं. ते वाकडं होतं.

मूळ फोटो पोस्टकार्डाएवढा. भाऊंनी खिशातलं भिंग काढून तो पाहिला आणि भिंगासकट माझ्या हातात दिला. मागच्या सीटवर फुलांचा ढीग होता. भिंगातून पाहिल्यावर त्या ढिगाला खांदा दिसला, शेला दिसला. तो ढीग म्हणजेच नवरदेव होता, बाशिंगात पुरता झाकलेला. स्टुडिओवाल्याला एकच चेहरा दिसला, तो त्यानं मोठा करून दिला, आणि हे घर त्याच्या पाया पडू लागलं.

मी तोंड उघडलंच होतं. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

तेवढ्यात करिश्मा आली. दरवर्षी पित्तर म्हणून जेवायला बसणारे शेजारचे आजोबा वरूडला लेकीकडे गेले होते. पितरांच्या नावानं कोणीतरी वडीलधारं पानावर बसायला हवं. “काका, तुमी बसान का आमच्या आजोबाईच्या नावानं?”

भाऊ एवढंच म्हणाले, “बसतो.”

तसबिरीखाली पाट मांडला. श्रावणभाऊंनी गोवर्धनभाऊंचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं, पुरणपोळीवर तूप वाढलं आणि वाकून म्हणाले, “बाबा, पोटभर जेवा.” मागोमाग घरातली बारा माणसं पाया पडली. भाऊ मान खाली घालून जेवले. आमरसाची वाटी त्यांनी दोनदा मागून घेतली. या माणसाला मी कधी काही मागून घेताना पाहिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मी त्यांच्यावर तडकले. “तोंड शिवलं होतं का तुमचं? जन्मभर शोधलंत, समोर आला, आणि दुसऱ्याचा बाप म्हणून सोडून आलात?”

“सांगतलं असतं त श्रावणले काय राह्यलं असतं? फुलाचा ढीग?”

“आणि तुम्हाला?”

“मॅडम, माह्या घरी आखाजीले मी एकटाच घागर भरतो, भिंतीपुढं भात ठेवतो. तिथं बारा माणसं पाया पडतेत त्याच्या. आठ वर्षाच्या पोराले ठेवून गेला, तवापासून त्याले पोटभर वाढणारं घर भेटलं नव्हतं. आता काहून उठवू पानावरून?”

माझा राग मात्र गेला नाही. कोणावर होता, तेही कळेना.

संध्याकाळी करिश्मानं फोटो नीट काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमचे आजेसासरे रामराव, स्वतःच्या वरातीत.’ गोवर्धनभाऊंचं नेहमीचं उत्तर आलं, ‘शेवरलेट, १९४७. डावा दिवा ट्रकचा.’ मग बराच वेळ ते काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत होतं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. शेवटी एक ओळ आली, ‘चालवणाऱ्यानं गाडी फार जपली होती.’

श्रावणभाऊंनी लगेच लिहिलं, ‘होय जी, आमचे बाबा हौशीच होते.’

त्यावर भाऊंनी नुसते जोडलेले हात पाठवले. ते मी काढले नाहीत.