अल ऐनची मोरी

शारजातून निघताना आमच्या ह्यांनी सोफ्यावरूनच टोला हाणला, "मोरी नीट बघून ये हो!" गुडघ्यांमुळे त्यांना येता येत नव्हतं. टोला मात्र तीस वर्षं जुना होता.

तेव्हा अल ऐनच्या खजूरबागेतलं बागमालकाचं जुनं घर दाखवायला ह्यांनी मोठ्या हौसेनं गाडी काढली होती. मी कांजीवरम नेसून, उंच टाचांवर! पहिल्याच खोलीत उतरती जमीन, तिच्यावर ओळीनं पन्हळी आणि कोपऱ्यात भोक. "अहो, ही तर मोरी! मोरी दाखवायला इतक्या लांब आणलंत?" "थांब, कुणाला तरी विचारू या," हे म्हणत होते. पण ती ठमाबाई, म्हणजे मीच, ऐकेल तर ना! तिला दुबईतला सेल गाठायचा होता. घर न बघताच आम्ही परतलो.

या वेळी गाडी नात रिया चालवत होती. शारजाची कोंडी सुटली, तांबड्या वाळूच्या टेकड्या मागे पडल्या आणि एकदम खजुरांची दाट सावली. तिच्यातून फलज (पाण्याचा पाट) झुळझुळत होता. घराच्या मातीच्या भिंती हातभर जाड, वर खजुराच्या खोडांचं छत. आत पाऊल टाकलं आणि माठात शिरल्यासारखं गार वाटलं. बांधणाऱ्याचे हात धरून नमस्कार करावा असं घर!

'मोरी' तिथंच होती. पांढऱ्या दाढीच्या पठाण राखणदाराला मी विचारलं, "भाईसाब, यहाँ नहाते थे क्या?"

"नहाना? अम्माजी, यहाँ तो शहद बहता था!"

ती मदबसा, म्हणजे खजुराचा पाक गाळायची खोली. गोण्या छतापर्यंत रचायच्या. वरचा भार आणि उन्हाळ्याचा उष्मा यांनी रस आपोआप पाझरायचा आणि पन्हळींतून भोकाखालच्या रांजणात उतरायचा. त्या पाकाला म्हणतात दिब्स.

"आजी, यू कॉल्ड धिस अ बाथरूम?" रिया हसून हसून भिंतीला टेकली.

मी वाकून पन्हळीतून बोट फिरवलं. ह्यांच्या गुडघ्यांत तेव्हा दम होता, माझ्या डोक्यात नव्हता.

बागेच्या दाराशी दिब्सची बाटली घेतली. घरी पोहोचताच, "बघितलीस मोरी?"

गरम पोळीवर तूप, त्यावर दिब्सची धार ओतली आणि ताट पुढे ठेवून सगळं सांगितलं. हे घास हातात धरून ऐकत राहिले.

"म्हणजे विचारायला हवं होतं."

"हो. तुमचंच बरोबर होतं."

ह्यांनी घास खाली ठेवला. "काय म्हणालीस? परत एकदा म्हण."

"खलास! एकदाच मिळतं ते. जेवा, पोळी गार होतेय."