काकीसाहेबांनी दलालाशिवाय घर विकलं

काकीसाहेब कुठलीही वस्तू हातात देण्याआधी तिची खोट सांगत. ब्लाउज शिवून झाला की घडी पुढे करताना म्हणत, "डावी बाही जराशी ओढली गेलीय. माझी चूक. घातलास की कळणार नाही, पण तुला माहीत असू दे." लोणच्याची वाटी देताना म्हणत, "मीठ चढलंय यंदा, वरणभाताशी खा." देवासला आमच्या गल्लीत त्यांचं शिवणकाम चाळीस वर्षं चाललं. काकीसाहेबांकडे कापड टाकलं की नंतर भांडायला काही उरतच नाही, असं बायका म्हणत.

नाव काकीसाहेब, पण थाट कसलाच नव्हता. सासरचे कोणी पूर्वज संस्थानच्या पागेत नोकरीला होते, तेवढ्यावरून घरात सगळ्यांना साहेब लागलेलं. यजमान कारखान्यात फिटर. मी समोरच्या घरातली, हिंदी शाळेत शिकलेली आणि पुढे हिंदी शाळेतच शिकवणारी. मी "काकीसाहेब, चाय बना दूँ?" म्हटलं की त्या शांतपणे म्हणत, "चहा कर. आलं ठेच, किसू नको." माझं जे काही मराठी आहे ते त्यांच्या शिवणयंत्राशेजारी बसून आलेलं आहे.

यजमान गेले आणि काकीसाहेबांचे गुडघे जिन्याशी भांडू लागले. एकुलती मुलगी सुनंदाताई धारला दिलेली. शेवटी ठरलं, देवासचं घर विकायचं आणि धारला तिच्या शेजारी दोन खोल्या घ्यायच्या.

बातमी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी दलाल हजर. सगळे त्याला राजूभिया म्हणत. तो म्हणाला, "आप तो बस चाबी दे दो, काकीसाहेब. ग्राहक मेरा, कागज मेरे, भागदौड़ मेरी. दो टका आपसे, दो टका सामनेवाले से. यही रेट है."

काकीसाहेबांनी त्याला चहा दिला, चकली दिली आणि त्यांच्या हिंदीत सांगितलं, "भिया, भगवान ने मुँह दिया है मेरेको. भाड़े का काय को लाऊँ?"

मग त्यांनी पुठ्ठ्यावर माझ्याकडून पाटी लिहून घेतली आणि फाटकाला अडकवली: 'मकान बेचना है. मालकिन से मिलें. दलाल भी आएँ, चाय मिलेगी, दलाली नहीं.' मी मोबाइलवर घराचे फोटो काढले. ओल धरलेल्या मागच्या भिंतीचा फोटो मी टाळत होते, तो त्यांनी मुद्दाम काढायला लावला. "लोक एवढं भाडं खर्चून बघायला येणार. आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं," म्हणाल्या.

गिऱ्हाइकं येत. काकीसाहेब दार उघडतानाच सुरू करत. पश्चिमेची खोली उन्हाळ्यात भट्टी होते. बोअरिंग मे महिन्यात अर्ध्या तासात दम टाकतं. शेजारचा कुत्रा पहाटे भुंकतो, पण चावत नाही. लोक मान डोलवत आणि परत येत नसत. राजूभिया फाटकाशी उभा राहून हळहळायचा, "ऐसे मकान नहीं बिकता, काकीसाहेब." त्या म्हणायच्या, "चहा घेणार?" तो घ्यायचा.

दोन महिन्यांनी एक जोडपं आलं. ती दवाखान्यात नर्स, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. नर्सनं सगळी खोट नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "और कुछ?" दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन परत आली. म्हणाली, "आठ मकान देखे. सबमें सब कुछ अच्छा था, तो डर लगा. ये वाला समझ में आ गया." भाव ठरला. भिंतीच्या ओलीपायी काकीसाहेबांनी आपणहून थोडा उतरवला.

मग कागद बाहेर निघाले आणि घोडं तिथेच अडलं. प्लॉट दोन भावांनी मिळून घेतला होता. कागदावर यजमानांच्या नावाशेजारी धाकट्या दिराचं नाव होतं. हे भाऊजी धारजवळ तिरल्याला शेती करत. चौदा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. भावाच्या अंत्यविधीला ते येऊन गेले, पण गर्दीत मागे उभे राहून, पाणी न पिता.

राजूभियानं लगेच वाट काढली. "तिरला में मेरा आदमी है. थोड़ा-बहुत हाथ पे रखके हक-त्याग पर साइन करवा लाएगा. आपको मुँह दिखाने की भी जरूरत नहीं. मेरा टका बस मुझे दे देना."

पहिल्यांदाच काकीसाहेबांनी त्याला लगेच नाही म्हटलं नाही. दोन दिवस त्यांचं यंत्र बंद होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी इरकली नेसून त्या आमच्या दारात उभ्या. "शाळेला सुट्टी लागलीय ना? तिरल्याला येतेस?"

इंदूरला आम्ही बस बदलली. धारच्या बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "भाऊजी आमच्याच वरच्या खोलीत राहायचे. जावबाई पोटुशी होती. घराच्या हिश्शावरून शब्दाला शब्द लागला आणि यांनी त्यांची ट्रंक जिन्याखाली आणून ठेवली. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर यांनी ऐकलं असतं. मी दाराआड गेले." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "तोंड होतं गं तेव्हाही."

तिरल्याला भाऊजी अंगणात लसूण निवडत बसले होते. वहिनीला बघून उठले, पण बसा म्हणाले नाहीत. जावबाई दारात येऊन थांबल्या. काकीसाहेबांनी पिशवीतले कागद बाहेर काढलेच नाहीत. उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, सहीसाठी आलेय. पण आधी दुसरं सांगते. त्या दिवशी मी दाराआड उभी होते. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी गप्प बसले. हे तर गेले, त्यांचं त्यांच्यापाशी. ही चूक माझी."

भाऊजी पुन्हा लसूण निवडायला बसले. बोलल्या त्या जावबाई. "वहिनीसाहेब, उन्हातून आलात. आत या." मग आम्ही आत गेलो.

जेवताना भाऊजी म्हणाले, "सही करतो. पण माझा अर्धा हिस्सा मी घेणार. नको म्हणणार नाही."

"हे बरं झालं," काकीसाहेब म्हणाल्या. "नको म्हणून मनात ठेवण्यापेक्षा घेतलेला चांगला. अर्धाच आहे तुमचा. मी तेच सांगायला आले होते."

परतताना बसमध्ये त्या इंदूरपर्यंत गाढ झोपल्या.

नोंदणीच्या दिवशी भाऊजी आणि जावबाई दोघंही देवासला आले. कागदपत्रांच्या खटपटीला महिना गेला होता. एकेका खिडकीवर काकीसाहेब स्वतः उभ्या राहिल्या होत्या. बाबू विचारी, "साथ में कौन है?" त्या माझ्याकडे बोट दाखवत, "ये पढ़ती है, मैं बोलती हूँ." सह्या झाल्या, किल्ल्या नर्सच्या हातात गेल्या. बाहेर येऊन काकीसाहेबांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला, राजूभियालाही. तो कशाला आला होता कोण जाणे. पेला रिकामा करून म्हणाला, "काकीसाहेब, आप मेरे साथ धंधे में आ जाओ."

सुनंदाताईंनी मात्र आईला सुनावलं, "दलालीचे वाचवलेस आणि भिंतीपायी तेवढेच सोडलेस. हातात आलं काय?"

"मला बाई कोणाला तोंड चुकवावं लागणार नाही," काकीसाहेब म्हणाल्या आणि सामान बांधायला बसल्या.

धारला त्या आणखी चार वर्षं होत्या, मजेत होत्या. दर गुरुवारी भाऊजी आणि जावबाई तिरल्याहून भाजी घेऊन येत, दुपारभर बसत. मी सुट्टीत जायची तेव्हा पत्त्यांचा डाव पडलेला असायचा आणि काकीसाहेब आपली पानं वाईट आहेत हे आधीच जाहीर करायच्या. मागच्या थंडीत झोपेतच गेल्या. कोणाला त्रास नाही, धावपळ नाही.

तेराव्याला मी धारला गेले. भाऊजी पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले. तेच बोलू लागले, "त्यांच्याआधी त्या दलालाचा एक माणूस कागद घेऊन येऊन गेला होता तिरल्याला. वहिनीसाहेबांना न सांगताच आला असेल, पैसेही दाखवले. त्याला मी उद्या ये म्हणालो होतो. सही करून टाकणार होतो मी. रागाचा कंटाळा आला होता, कोण भांडत बसणार." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्याचीच वाट बघत होतो. आणि वहिनीसाहेब आल्या."

आतून जावबाईंनी जेवणाची पानं मांडल्याची हाक दिली. भाऊजी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि वाढायला आत गेले.