ओळंबा सरांची प्रश्नावली

शाळेतली पोरं टोपणनावं ठेवण्यात मोठी वाकबगार. कवायतीच्या सरांना त्यांनी 'ओळंबा' म्हणायला सुरुवात केली ती सर नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी. गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, सर उभे राहिले की तसे सरळ दिसायचे. नाव कानावर आलं तेव्हा सर वरवर रागावले आणि मनातून खूष झाले. ताठ उभं राहणं हे त्यांच्या लेखी निम्मं चारित्र्य होतं, आणि उरलेलं निम्मं वेळेवर येणं. एखादं पोर पोक काढून उभं दिसलं की ते मागून जाऊन थाप मारत, "पाठ! पाठ कुठे गेली?"

सव्वीस वर्षांनी सरांचीच पाठ गेली.

मणक्यांचा संधिवात होता. दुखणं तसं पस्तिशीपासूनचं. पण सकाळी पाठ लाकडासारखी होते ती व्यायाम कमी पडल्यामुळे, असं सरांचं स्वतःचं निदान होतं. म्हणून ते आणखी व्यायाम करत, आणि दुपारपर्यंत जरा सुटल्यासारखं वाटलं की निदान बरोबर निघालं म्हणून खूष होत. डॉक्टरांकडे जायला त्यांनी इतकी वर्षं लावली की तोवर मान आणि पाठ दोघी मिळून पुढे झुकल्या होत्या. समोरच्याचा चेहरा बघायचा तर डोळे वर करावे लागत, बाजूला बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. पोरांनी नाव मात्र बदललं नाही. सरांना तेच जास्त लागे.

शाळेत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मैदानाच्या कडेला भिंतीशी खुर्ची टाकून ते नुसत्या शिट्टीवर तास घेऊ लागले, कारण बसलेला माणूस किती वाकलाय ते चटकन कळत नाही. शेवटी तेही जमेना, तेव्हा त्यांनी मुख्याध्यापिका बाईंना अर्ज दिला. मैदान नको, ग्रंथालय द्या. पुस्तकांच्या कपाटांमागे कोण बघतंय? बाई म्हणाल्या, "महिनाअखेरीस ठरवू."

त्याच सुमारास डॉक्टरांनी त्यांना एका अभ्यासात भाग घ्यायला सांगितलं. संधिवाताच्या माणसांना स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं, याचा अभ्यास. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक तरुण संशोधक बाई. तिने सरांपुढे बेचाळीस प्रश्नांचे कागद ठेवले. 'मला आरशात बघावंसं वाटतं.' 'लोक माझ्याकडे बघतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं.' प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकटी, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत.

आता सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच! ज्या माणसाचं आयुष्य शाळेत गेलं त्याच्यापुढे असा कागद आला म्हणजे परीक्षा आली. धडधाकट माणसाने जे उत्तर द्यावं तेच सरांनी बेचाळीस वेळा दिलं, अकरा मिनिटांत पेपर परत केला आणि "साधारण किती पडतात?" असं विचारलंसुद्धा.

"यात गुण नसतात, सर," ती म्हणाली. "तुम्हाला जे वाटतं तेच बरोबर."

"मग माझं सगळं बरोबर आहे," असं म्हणून सर घरी आले.

घरी त्यांनी ही हकिगत जरा फुशारकीनेच सांगितली. त्यांची बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत तिने विचारलं, "आरशाचं काय लिहिलंत?"

"नेहमी."

"अहो, मग न्हाणीघरातल्या आरशावर रोज टॉवेल कोण टाकतं? मी?"

सर घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडू लागले.

"माझ्याकडे कुणी शेजाऱ्याचं रक्त स्वतःचं म्हणून दिलं तर चालेल का? उद्या ती मुलगी लिहील, वाकलेली माणसं मजेत असतात, त्यांना काही विचारत बसायला नको. मग तुमच्या मागून येणाऱ्यांनी काय करायचं?"

सरांना राग आला. ते तडक झोपायला गेले, आणि दोन दिवसांनी कुणी न सांगता दवाखान्यात जाऊन उभे राहिले. "मला पेपर परत लिहायचाय," ते म्हणाले. "पहिला फाडून टाका."

"फाडता नाही येणार," संशोधक बाई म्हणाली. "दोन्ही ठेवू."

या खेपेला सरांनी खरं लिहिलं. अकरा मिनिटांचा पेपर तासाभरात अर्धाही झाला नाही. पुढे सदतिसाव्या वाक्याशी त्यांचं पेन थांबलं. 'माझ्या शरीरावरून मला कुणीतरी बोललं आहे.'

सर आठवू लागले. शाळेत कुणी नाही, रस्त्यात कुणी नाही. बायको बोलली ती खोटेपणावरून, पाठीवरून नव्हे. ते 'कधीच नाही'वर खूण करणार, तोच त्यांना सातवीतली ती मुलगी आठवली.

वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळच्या कवायतीला ही मुलगी धड पळायची नाही. जपून पाय टाकायची, उठताना जमिनीला हात टेकायची. आणि दुपारच्या सुट्टीत तीच मैत्रिणींबरोबर पळताना सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. चोर सापडला! दुसऱ्या सकाळी सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "या आजीबाई, या! दुपारी बऱ्या तरण्या होता!" वर्ग खदखदून हसला. सरही हसले. त्या दिवसापासून तिला वर्गात, जिन्यात, नळावर सगळीकडे तेच नाव. हल्ली ती घरून चिठ्ठी आणायची आणि कवायतीच्या तासाला वर्गातच बसून राहायची. सर चिठ्ठीवर सही करून मोकळे होत.

सकाळी आखडलेली आणि दुपारी मोकळी. वीस वर्षं सर स्वतः हेच भोगत आले होते, आणि तिच्या बाबतीत त्यांनी तोच लबाडीचा पुरावा धरला होता. त्यांना लाज वाटली. पाठीची वाटायची तसली चोरटी लाज नव्हे. या वेळी कान तापले.

"मी बोललोय," ते मोठ्याने म्हणाले.

"तुम्हाला कुणी बोललंय का, असं विचारलंय, सर."

"कळलं. पण मी बोललोय. हे कुठल्या चौकटीत लिहू?"

तिने कागद उलटा करून त्यांच्यापुढे सरकवला. "इथे लिहा."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी सरांनी ग्रंथालयाचा अर्ज परत मागितला. मुख्याध्यापिका बाईंनी कारण विचारलं. "लपायला जागा हवी होती," सर म्हणाले. "आता नको."

मग ते सातवीच्या वर्गात गेले. पोरं मैदानावर निघायच्या बेतात होती, त्यांना बसवलं. टेबलाचा आधार न घेता ते वर्गासमोर मधोमध उभे राहिले. इतक्या महिन्यांत पोरांना ते असे पूर्ण दिसले नव्हते.

"मी हिला आजीबाई म्हणालो होतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर म्हणालो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. माझं चुकलं. माझी पाठही सकाळी अशीच आखडते आणि मग सुटते. ते सोंग नसतं. यापुढे ते नाव जर कुणी घेतलं, तर…" सवयीने धमकी तोंडाशी आली होती, ती त्यांनी गिळली. "घेऊ नका."

सर तिच्या बाकाशी गेले. बसलेल्या मुलीचा चेहरा त्यांना अगदी समोर दिसत होता, वाकलेल्या माणसाला तेवढी एक सोय असते.

"तुझ्या आईला भेटायला मी आज संध्याकाळी येतो," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या डॉक्टरांचा पत्ता देतो. त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं ते मी तुला विचारू? सकाळी उठल्यावर अंग मोकळं व्हायला तुला किती वेळ लागतो?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं.

"दीड तास," ती म्हणाली. "कधीकधी दोन. तुम्हाला?"

"पूर्वी दुपार व्हायची. आता औषधाने पाऊण तास."

तिने जरा विचार केला.

"मग तुमचं बरंय, सर."