सात दोषांची गिटार

“चांगल्या मालाबद्दल बोलायचं काय असतं?” मामा एकदा म्हणाला होता, आणि तेही त्याला विचारलं म्हणून. विचारलं होतं मामीने. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर तिने धीर करून विचारलं की, माझ्या हातचं जेवण तुम्हाला कधी आवडलंच नाही का. मामाला प्रश्नच कळला नाही. मीठ कमी पडलं तर तो सांगत होता, भाजी करपली तर सांगत होता. ज्या दिवशी तो काही बोलला नाही त्या दिवशी सगळं ठीक होतं, हे तिला बावीस वर्षांत कळलं नसेल तर त्याला तो काय करणार? मामी मागे वळून ते न बोललेले दिवस आठवू लागली. बरेच निघाले. पण आता त्यांचं करायचं काय, हे तिला सुचेना.

पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात मामाने अडतीस वर्षं एकाच बाकावर काढली. काम तपासणीचं. पंप समोर आला की मामा तो हाताने फिरवून बघे, कान लावे, कडेवरून बोट फिरवी. खोट सापडली की लाल चिठ्ठी अडकवायची आणि चिठ्ठीवर कारण लिहायचं. चांगल्या पंपाला चिठ्ठी नसे. तो मुकाट्याने पुढे जाई आणि कुठल्या तरी अनोळखी विहिरीत उतरून जन्मभर पाणी उपसत राही. त्यामुळे मामाच्या हस्ताक्षरात जगात जे काही उरलं, ती सगळी निंदाच होती.

निवृत्तीनंतर हा गुण घरातल्या घरात सडणार अशी मामीला धास्ती होती. पण नातेवाइकांनी तो हातोहात उचलला. कुणाला जुना फ्रिज घ्यायचाय, न्या मामाला. कुणाला वापरलेली सायकल हवीय, न्या मामाला. मामाची रीत ठरलेली. विकणाऱ्याने भाव सांगितला की एक शब्द न बोलता उठायचं आणि चालू लागायचं. सातव्या पावलाच्या आत हाक येते, हा त्याचा अनुभव. हाक आली की परतायचं, खिशातली छोटी बॅटरी काढायची आणि एकेक दोष उजेडात आणायचा. नसलेला दोष मात्र त्याने कधी दाखवला नाही. “खोटं सांगून भाव पाडला तर ती चोरी,” असं तो म्हणे. या प्रामाणिकपणामुळे तो जास्तच जिव्हारी लागे.

भाचीला मामाची गरज नव्हती. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. तीन वर्षांपूर्वी कागद दाबायच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची अनामिका सापडली. बोट वाचलं, पण नीट वाकेना. गिटार तिला त्याआधीपासून यायची. नंतर चार दुकानं फिरली तरी एकाही नव्या गिटारची मान तिच्या पंजात बसेना. मग किराणा दुकानाच्या फळ्यावर तिने कागद पाहिला, जुनी इलेक्ट्रिक गिटार विकणे आहे. ती एकटीच जाऊन बघून आली. कुणीतरी तीस वर्षं तळहाताने घासून त्या गिटारची मान जिन्याच्या कठड्यासारखी गुळगुळीत आणि बारीक केली होती. भाचीने हातात घेतली आणि ते ताठ बोट, तीन वर्षांत पहिल्यांदा, जिथे पडायला हवं तिथे पडलं. किंमत आठ हजार. भाचीजवळ आठ हजार होते. तिथल्या तिथे देऊन टाकायला हवे होते, पण तिने ही गोष्ट घरी येऊन सांगितली.

“आठ हजार? त्या झिजलेल्या लाकडाला?” आई म्हणाली. “थांब, माझ्या भावाला घेऊन जा.” आणि भाचीने तोंड उघडायच्या आत तिने फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढताना मामाने सूचना दिल्या.

“तुला ती आवडलीय हे तुझ्या तोंडावर लिहिलंय. पुसून टाक.”

“कसं पुसू?”

“दाढ दुखतेय असं समज. आणि मध्ये बोलायचं नाही. मी काय करतो ते फक्त बघ.”

“मामा, मला ती खरंच हवीय हं.”

“म्हणून तर बोलायचं नाही.”

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. हॉटेलांतून गिटार वाजवणाऱ्या एका माणसाची. दोन महिन्यांपूर्वी तो गेला, आणि त्याची थोरली बहीण खोली रिकामी करायला आली होती. दुपारी बारापर्यंत किल्ली घरमालकाला द्यायची होती. गादी गुंडाळून दोरीने बांधलेली, भिंतीवर तसबिरी होत्या तिथे फिकट चौकोन. भंगारवाला एकेक सामान उचलून खाली टेंपोत नेत होता. बहीण स्टुलावर ताठ बसली होती. आयुष्य इस्पितळात नर्स म्हणून काढलेलं, त्यामुळे सगळी इमारत तिला सिस्टरच म्हणे. छातीवर टाचणीला लावलेलं घड्याळ निवृत्तीनंतरही तिने काढलं नव्हतं. गिटार खिडकीशी भिंतीला टेकून उभी होती.

“आठ हजार,” सिस्टर म्हणाल्या. “भावाने मला सांगून ठेवलं होतं, यापेक्षा कमी घेऊ नकोस.”

मामा उठला आणि चालू लागला. खोली लहान होती. चौथ्या पावलाला दार आलं, सातव्याला जिन्याचं वळण.

“दार ओढून घ्या हं,” मागून सिस्टर म्हणाल्या. “वाऱ्याचा झोत येतो.”

हाक काही आली नाही. भाचीने दाढेवर हात ठेवला. या वेळी ती खरंच दुखल्यासारखी वाटत होती. बाहेर मामा तसाच उभा राहिला असावा, कारण वर येणाऱ्या भंगारवाल्याचा आवाज आला, “काका, चढताय की उतरताय? मध्ये उभे राहू नका.” पुढच्याच क्षणी मामा दारात.

“माझं चष्म्याचं घर राहिलं वाटतं.”

चष्म्याचं घर त्याच्या खिशातून अर्धं बाहेर डोकावत होतं. पण सिस्टर खाली वाकल्या, टेबलाखाली बघितलं, खोक्यांच्या मागे बघितलं. माणूस असं कारण काढून परत येतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. अखेर मामालाच लाज वाटून त्याने ते खिशात सापडल्यासारखं केलं, आणि आलोच आहोत तर बघू, अशा थाटात बॅटरी पेटवली.

“मी अडतीस वर्षं तपासणी खात्यात होतो,” तो म्हणाला.

“असं का?” सिस्टर स्टुलावर पुढे सरकल्या. “मग बघाच. मला यातलं ओ की ठो कळत नाही. थांबा, लिहून घेते.” आणि त्यांनी पर्समधून कागद आणि पेन्सिल काढली.

मामा खुलला. दोष लिहून घेणारी विकणारीण त्याला जन्मात पहिल्यांदाच भेटत होती.

“एक. हाताखालचा रंग उडालाय. लाकूड उघडं पडलंय.”

“रंग उडालाय,” सिस्टरनी लिहिलं. “कधीपासून असेल?”

“दहा-पंधरा वर्षं. दोन. ही खुंटी मूळची नाही. बाकीच्या पाच बघा, आणि ही बघा.”

“बदललेली. बरं.”

“तीन. या धातूच्या पट्ट्या. पहिल्या तिन्हींना खाचा पडल्यात. चार, हे आवाजाचं बटण फिरवलं की खरखरणार.” त्याने कोपऱ्यातल्या स्पीकरच्या डब्याला वायर जोडून बटण फिरवलं. ते खरखरलं. “पाच, वायर घुसवायची जागा सैल. धरून ठेवावी लागते. सहा, तारा जिथे अडकवल्यात तिथे गंज. घामाचा गंज आहे हा. सात, इथे वर, सिगरेटचा चटका.”

“डॉक्टरांनी बंद करायला सांगितली होती त्याला,” सिस्टर हळूच म्हणाल्या आणि तेही लिहिलं.

भाची मामाकडे बघत होती. मनात चीड होती, तरी हा आपल्या कामात किती सुंदर दिसतो, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मामाने बॅटरी विझवली आणि मागे रेलून बसला. आता पाच हजार, फार तर साडेपाच.

“तर आता तुम्हीच काय ते सांगा,” तो म्हणाला.

सिस्टरनी यादी पहिल्यापासून वाचली. घडी घातली.

“मी नाही देणार ही.”

“म्हणजे?”

“मुदत संपलेलं औषध आम्ही अर्ध्या किमतीत देत नाही, साहेब. टाकून देतो. बरं झालं तुम्ही आलात. या मुलीची फसवणूक झाली असती माझ्या हातून.” आणि दारातल्या भंगारवाल्याला त्या म्हणाल्या, “ही पण ने रे.”

भंगारवाल्याने गिटार मानेला धरून उचलली, जरा वर-खाली करून वजनाचा अंदाज घेतला.

“अहो, तसं नव्हे,” मामा उठून उभा राहिला. “झीज आहे, ती असणारच. पण...”

“पण काय?”

मामाने तोंड उघडलं. एखाद्या खोलीत आपण कशासाठी आलो हे विसरून माणूस मधोमध उभा राहतो, तसा तो त्या वाक्यात उभा राहिला. अडतीस वर्षांत त्याला जे लिहावं लागलं नव्हतं, ते आता बोलायचं होतं.

“पण लाकूड सरळ आहे,” तो म्हणाला.

“सरळ आहे ही काय स्तुती झाली?”

“आमच्या खात्यात यापुढे कुणी जात नसे.”

“मग ते सात दोष खोटे होते का?”

इथे एक होकार पुरला असता. भाचीने डोळ्यांनी विनवलंही. मामाचा चेहरा लालबुंद झाला.

“खोटे कशाला असतील? मी खोटं सांगत नाही.”

“मग झालं तर.”

“सहा हजार घ्या.”

“नको.”

“सात.”

मामाला चढता भाव बोलताना भाचीने कधी ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज अनवाणी माणूस खडीवरून चालतो तसा जपून जपून पुढे जात होता.

“काका, तुमची गाडी उलटी चाललीय,” भंगारवाला म्हणाला. “मी वजनावर घेतो, मला सात दोषांची अडचण नाही. नेऊ का सिस्टर?”

“फुकट दिली तरी माझ्या मनाला लागेल,” सिस्टर मामाला म्हणाल्या. “तुम्ही जाणकार माणूस. तुमच्या तोंडून ऐकल्यावर मी ती पोरीच्या गळ्यात कशी मारू?”

भाचीने दाढेवरचा हात काढला.

“दादा, ती खाली ठेवा,” ती भंगारवाल्याला म्हणाली. मग तिने डावा हात सिस्टरसमोर धरला. “हे बोट बघा.”

सिस्टरनी बोट हातात घेतलं, वाकवून पाहिलं, व्रणावरून अंगठा फिरवला. “एवढंच वाकतं?”

“एवढंच.”

“टाके मात्र चांगले घातलेत कुणीतरी.”

“दुसऱ्या कुठल्या गिटारवर हे पोचत नाही. यावर पोचतं. तुमच्या भावाने हिची मान घासून घासून बारीक केलीय म्हणून. तो आठवा दोष मामाने मोजला नाही.”

तिने गिटार मांडीवर घेतली. वायर निसटत होती, तेव्हा सिस्टरच पुढे झाल्या आणि त्यांनी ती दोन बोटांनी दाबून धरली, नाडी धरावी तशी. नजर सवयीने छातीवरच्या घड्याळाकडे गेली. भाचीने वाजवलं. मोठं काही नव्हे, चार साधे सूर, पुन्हा तेच चार. चौथा दोष मध्येच खरखरला. पण ताठ बोट दर वेळी आपल्या जागी उतरत होतं, आणि त्या रिकाम्या खोलीत, तसबिरींच्या फिकट चौकोनांवर, सूर जरा वेळ टिकून राहत होता. भंगारवाला हातातली खुर्ची तशीच धरून उभा होता.

“मला ही हवीय,” भाची म्हणाली. “सातही दोषांसकट.” आणि तिने पिशवीतलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. “आठ हजार आहेत. तुमच्या भावाने सांगितले होते तेवढे.”

मामाने पाकिटाकडे पाहिलं. पूर्ण भाव, त्याच्या समोर, त्याच्या भाचीच्या हातून. संध्याकाळी भाचीची आई विचारणार होती, किती कमी केले. मग मामी, मग सायकलवाले, फ्रिजवाले, सगळा गोतावळा.

सिस्टरनी पाकीट उचललं नाही. त्या मामाकडे वळल्या.

“मुलीचं मन बसलंय, ते दिसतंय मला. पण मनावर मी औषध देत नाही. तपासलंय तुम्ही. अजून काही खोट असेल तर आत्ता बोला. एक शब्द बोललात तरी मी ही खाली पाठवते. नाहीतर ही तिची.”

मामाने बॅटरी पेटवली. उजेडाचा लहानसा गोल रंग उडालेल्या लाकडावरून सरकला, परक्या खुंटीवर थांबला, पट्ट्यांच्या खाचांवरून खाली आला आणि तारेवर टेकलेल्या त्या ताठ बोटापाशी आला. तिथे तो बराच वेळ राहिला. मामाचे ओठ हलल्यासारखे झाले. भाचीने मामाला आजवर इतका वेळ एखादी गोष्ट बघताना पाहिलं होतं, पण तेव्हा दर वेळी शेवटी काहीतरी निघालं होतं.

मग त्याने बॅटरी विझवली, खिशात टाकली, चष्म्याचं घर चाचपून पाहिलं आणि चालू लागला. चौथ्या पावलाला दार आलं. तो थांबला नाही, मागे वळूनही त्याने बघितलं नाही. जाताना दार मात्र नीट ओढून घेतलं.