कागदाची मागची बाजू

रजिस्टरकाकांच्या हातात कुठलाही कागद दिला की ते आधी तो उलटा करून बघत. वर काय लिहिलंय ते नंतर. लग्नाची पत्रिका असो, गॅसची पावती असो की डॉक्टरांची चिठ्ठी, आधी मागची बाजू. तिथे काही नसलं की स्वतःशीच म्हणत, "मागे कोरे," आणि मग कागद सुलटा करून, चष्मा पुसून, निवांत वाचायला घेत. समोरचा माणूस तोवर ताटकळत उभा. नंदनवन वस्तीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा वर्षं भाड्यानं राहिलो. पहिली चार वर्षं मला या सवयीचं हसू यायचं, पाचव्या वर्षी तिचा भयंकर राग आला आणि सहाव्या वर्षी तिच्याचमुळे माझा दोन देशांत विखुरलेला संसार पुन्हा एका ठिकाणी आला.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात रेकॉर्ड रूम सांभाळत. निवृत्त झाले, नंदनवनात घर बांधलं, पण रेकॉर्ड रूम काही त्यांच्यातून निघाली नाही. लाल कापडी पाठीचं एक लांबलचक रजिस्टर त्यांच्या टेबलावर कायम उघडं असे. घरातून कोणताही कागद बाहेर जायचा असला की तो आधी त्यात शब्दन् शब्द हातानं उतरवला जाई. शिक्का असेल तर गोल काढून आत मजकूर, सही वाचता येत नसेल तर 'सही लागत नाही'. शेवटचा रकाना मागच्या बाजूचा. तिथे बहुतेक वेळा दोनच शब्द असत, 'मागे कोरे'.

हे झालं की काकूंना हाक. काका मूळ कागद मोठ्यानं वाचत आणि काकू रजिस्टरावर बोट ठेवून "हं, हं" करत. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, कधीही हाक येई आणि काकू कपाळाला हात लावून येत. एकदा मला म्हणाल्या, "तुले सांगतो अविनाश, लग्नात मंगलाष्टकं झाली नं, तं या माणसानं भटजीले विचारलं होतं, याची एखादी प्रत आहे का म्हणून." काका मान वर न करता म्हणाले, "नव्हती त्याच्याजवळ. सगळं तोंडपाठ. कसं चालन असं?"

माझी बायको सुवर्णा नर्स आहे. तिला जर्मनीतल्या एका इस्पितळात नोकरी लागली तेव्हा आमची ओवी तीन वर्षांची होती. ठरलं असं की सुवर्णानं पुढे जायचं आणि सहा महिन्यांत मी आणि ओवीनं मागून. सहा महिने हा शब्द आम्ही किती सहज वापरला होता! मी इतवारीत भांड्यांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे माल रवाना करायचं काम बघत असे. मी दुकानी गेलो की ओवी खाली, काकांच्या ओट्यावर. ती त्यांना आबा म्हणायची. महिन्याभरात पोरगी ताटातली पोळी उलटी करून बघायला लागली आणि गंभीर तोंड करून म्हणायला लागली, "मागे कोरे." मी फोनवर सुवर्णाला हे सांगितलं तेव्हा ती हसता हसता एकदम गप्प झाली. आपल्या लेकीची नवी गंमत फोनवरून ऐकायची म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

व्हिसासाठी आमचे मूळ दाखले सरकारी शिक्का मारून आणायला पाठवायचे होते. ते काम करणारं एक कार्यालय शहरात होतं. ज्या सकाळी मी कागद घेऊन निघालो, त्या सकाळी काकांनी मला जिन्याशीच अडवलं.

"आण इकडे. उतरवून घेतो."

"काका, मोबाईलमध्ये फोटो आहेत नं सगळ्याचे."

"फोटो मोबाईलनं काढला. तू काय पाह्यलं?"

"मला साडेदहाला पोचायचं आहे!"

"काहून एवढी घाई करून राहिला? बस गा. हातानं उतरवलं की पाहाच लागते."

मी मुळात तापट माणूस. दोन तास बसून मी पाय हलवत होतो. माझ्या जन्माच्या दाखल्यावर तर ते पाऊण तास अडले. तो जुना, हातानं लिहिलेला, माझ्या शाळाप्रवेशाच्या वेळी वडिलांनी आणलेला. नोंदीचा क्रमांक नेमका शिक्क्याखाली दबलेला. काका भिंग घेऊन आले, खिडकीशी गेले, परत आले. शेवटी मी उठलोच. "काका, तुमच्याजवळ वेळ आहे, माझ्याजवळ नाही," असं म्हणून त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला आणि निघालो. हे वाक्य मी का बोललो, असं आजही मनात येतं. काका ओवीकडे वळले. तिला म्हणाले, "झालं होतं वं, शेवटचीच ओळ चालू होती."

मग वाट बघणं सुरू झालं. आज होईल, पुढच्या आठवड्यात होईल, साहेब सुटीवर आहेत, तारीखच मिळत नाही. मी दिवसातून दहा वेळा ईमेल बघायचो आणि ओवीवर खेकसायचो. काकांना ते दिसत असणार. एका संध्याकाळी त्यांनी मला शंभर पानी वही दिली. म्हणाले, "रोज एक ओळ लिहायची. आज काय कळलं ते."

"आणि काहीच नाही कळलं तर?"

"तं 'काही नाही' लिहायचं. थेही लिहाच लागते. नोंद झाली की डोक्यातून उतरते."

मला हा म्हातारपणाचा चाळा वाटला, पण लिहू लागलो. खाली जायचं, त्यांच्यासमोर ओळ लिहायची, काकूंच्या हातचा चहा प्यायचा. 'काही नाही' अशी ओळ लिहून झाली की काका तिच्यापुढे बारीकशी टिक करत, आणि खरंच, त्यानंतर रात्रीपर्यंत माझा हात मोबाईलकडे जात नसे. ओवी शेजारी बसून स्वतःच्या ओळीत गोल काढायची. एकदा तिनं एक गोल काढून सांगितलं, "ही मोबाईलमधली आई." काकांनी त्या गोलापुढेही टिक केली, पण जरा वेळानं चष्मा काढून पुसायला लागले.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. आणि मग एक दिवस त्या कार्यालयातून फोन आला की त्यांनी जागा बदलली त्यात माझ्या जन्माच्या दाखल्याचं पाकीट सापडत नाही, बाकीचे कागद आहेत. इतक्या थंडपणे सांगितलं, जणू छत्री हरवली. त्याच आठवड्यात व्हिसाच्या कचेरीतून पत्र आलं. सहा आठवड्यांत मूळ दाखला दाखवा, नाहीतर अर्ज बंद. अर्ज बंद म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणखी एक वर्ष तरी. ओवीला तेव्हा चार पूर्ण होऊन पाचवं वर्ष लागलं होतं.

मी काकांना सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? वहीत रोज 'काही नाही' लिहीत राहिलो. मोबाईलमधला फोटो घेऊन गुपचूप आजोळी गेलो. माझ्या आईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, त्यामुळे माझ्या जन्माची नोंद तिथली, काटोलच्या पुढच्या एका खेड्यातली. तिथले ग्रामसेवक भले गृहस्थ होते. त्यांनी फोटो बघितला, क्रमांक शिक्क्याखाली गेलेला बघितला आणि कपाट उघडून दाखवलं. त्या सालांच्या रजिस्टरांचे गठ्ठे, काहींची पानं एकमेकांना चिकटलेली. दोन तास आम्ही दोघांनी माझं नाव शोधलं. अविनाश कुठेच नव्हता. ते म्हणाले, "साहेब, तुमची नोंदच नाही दिसून राहिली. नंबर असता तं पाह्यलं असतं." परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून रडलो.

आठव्या दिवशी मी ओळ लिहिली आणि काकांनी टिक केली नाही. वही मिटून बाजूला ठेवली.

"आठ दिवस झाले, तू खोटी नोंद करून राहिला."

रात्री फोनवर मी सुवर्णाजवळ रडलो ते ओवीनं ऐकलं होतं आणि खाली सांगून टाकलं होतं. "बाबांचा कागद हरवला, बाबा रडले." मी सगळं ओकलो. त्या सकाळी कागद ओढून घेतल्याचीही माफी मागितली. मला वाटलं काका रागावतील. ते उठून कपाटाकडे गेले, आणि रजिस्टर चाळता चाळता एक गोष्ट सांगू लागले. ती मी यापूर्वी कधी ऐकली नव्हती, आणि काकूंचा चेहरा बघता त्यांनीही फारशी ऐकली नसावी.

"नवा होतो मी. एका फिटरच्या सेवापुस्तकाची नक्कल मले कराले दिली. मी केली, पण मागचं पान पाह्यलंच नाही. वारस म्हणून बायकोचं नाव तिथंच लिहून होतं. पुढं तो माणूस गेला, मूळ पुस्तकाले वाळवी लागली. थे बाई तीन वर्षं आमच्या खिडकीशी येत होती गा. दर खेपेस मले साहेब म्हणे. मी काय साहेब होतो? चूक माझी होती, अन् तिले थे माहीत पण नव्हतं." मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "घे. वाच."

माझा दाखला तिथे होता. शेवटच्या रकान्यात, त्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं : 'मागे पेन्सिलीने, अगदी फिकट. र. ३, पा. ४७, ओ. ११. अर्थ कळला नाही.'

अर्थ मला कळला, मी ते गठ्ठे बघून आलो होतो. रजिस्टर तीन, पान सत्तेचाळीस, ओळ अकरा. कधीकाळी दाखला लिहून देणाऱ्यानं स्वतःच्या सोयीसाठी मागे खूण करून ठेवली होती. तो कागद पस्तीस वर्षं माझ्या घरात होता आणि मी तो एकदाही उलटा केला नव्हता. फोटोही काढला तो फक्त पुढच्या बाजूचा.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याबरोबर आले. ग्रामसेवकांनी तिसरं रजिस्टर काढलं, सत्तेचाळिसावं पान सांभाळून उघडलं, अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्या वडिलांचं नाव, आईचं नाव, आणि बाळाच्या नावाचा रकाना रिकामा. फक्त 'पुरुष'. आजोबांनी पाचव्याच दिवशी जाऊन नोंद करून टाकली होती आणि बारसं बाराव्या दिवशी! नाव नंतर कोणीतरी दुसऱ्या शाईनं समासात घुसवलं होतं, ते शोधताना आमच्या नजरेतून सुटलं. काकांनी पान उलटून बघितलं, अर्थात. मागे दुसऱ्या कोणाच्या तरी पोरांचे जन्म होते. मग त्यांनी ग्रामसेवकांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नवा दाखला मुदतीच्या नऊ दिवस आधी पोचला. व्हिसा आला त्या दिवशी मी वहीत लिहिलं, 'आला.' काकांनी इतकी जोरात टिक केली की कागद फाटला. काकूंनी शिरा केला, ओवी नाचली. आणि मधेच माझ्या लक्षात आलं की ज्या रजिस्टरानं मला सुवर्णाकडे पाठवलं, तेच ओवीला त्या ओट्यावरून घेऊन चाललं होतं. काकांना हे पहिल्या दिवसापासून माहीत असणार. तरी पाऊण तास भिंग घेऊन खिडकीशी उभे राहिले.

निघायच्या सकाळी टॅक्सी दारात होती. काकांनी दोघांचे पासपोर्ट मागून घेतले. व्हिसा उतरवला, काकूंकडून "हं, हं" करून घेतलं. या वेळी मी पाय हलवला नाही. मग ते ओवीला म्हणाले, "ये वं, हात ठेव इथं." रजिस्टराच्या पानावर तिचा हात ठेवला आणि पेन्सिलीनं सावकाश, एकेक बोट फिरून, त्याची बाह्यरेषा काढली. "मूळ प्रत देऊन राहिलो बापा, नक्कल तं पाहिजे घरात," असं म्हणाले. ओवीनं हात उचलला, बघितला आणि म्हणाली, "आबा, मागची बाजू राहिली!" मग तिनं हात उलटा करून पुन्हा पानावर ठेवला.

आता आम्हाला इथे दीड वर्ष झालं. सुवर्णा सकाळी ओवीची वेणी घालते आणि मी बाजूला उभा राहून उगाचच बघत बसतो. इथेही कागदांना तोटा नाही. घरी पत्र आलं की ओवी आधी ते उलटं करते. सुवर्णानं तिच्यासाठी एक रजिस्टर आणलंय, त्यात 'मागे कोरे' या दोन शब्दांत अजून तीन चुका असतात.

दर रविवारी नंदनवनात फोन लागतो. परवा ओवीनं विचारलं, "आबा, माझा हात आहे का?" काकांनी पान उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं. तिनं स्क्रीनवर आपला हात लावून बघितला. बोटं चांगलीच बाहेर आली होती. "आबा, मी नवीन हात काढून पाठवते पोस्टानं, दोन्ही बाजू," ती म्हणाली आणि पेन्सिल शोधायला धावली.

काकांनी रजिस्टर मिटलं. मग ज्या माणसानं जन्मभर नकला केल्या, तो म्हणाला, "नक्कल नको वं माय. मूळ प्रतच घेऊन ये."

तिकिटं मी त्याच दिवशी काढली.