पोपटवालीचं तूप

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस नुसती वाचते आहे. खरं सांगू? निम्म्यांना हसलेही आहे. माझी सगळी नोकरी एका वस्तुसंग्रहालयाच्या नोंदणी विभागात गेली. वस्तू आली की तिला नंबर द्यायचा, लांबी-रुंदी मोजायची, कुठे सापडली ते लिहायचं. माहीत नसेल तिथे 'अज्ञात' लिहायचं आणि पुढे जायचं. त्यात मी बनारसची. आमच्या दूधविनायकाच्या गल्लीतून दिवसाला दोन-चार तरी माणसं खांद्यावरून मणिकर्णिकेला जायची. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला भुताला घाबरणं परवडत नाही.

तर हे भुताचं नाही. माझ्या भावाचं आहे.

साल १९९९, हिवाळा संपत आलेला. घरात आम्ही तिघं – आई, अण्णा आणि मी. अण्णा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. अकरा वर्षांचा असताना मेंदूत ताप गेला आणि त्याची दृष्टी गेली. पुढे तो एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाला. आवाजावरून माणूस ओळखायचा, आणि माणसापेक्षा आधी त्याचा मूड. लग्न आम्हा दोघांचंही झालं नाही, त्याची कारणं इथे नकोत.

आता ताटाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे पान वाढायची रीत ठरलेली असते. वर मधोमध मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात, त्यावर वरण. आणि सगळ्यात शेवटी तूप. तूप वाढेपर्यंत कुणी पहिला घास घेत नाही. अण्णाची नजर गेली तेव्हा आईच्या लक्षात आलं की या पोराला ताट 'दाखवायला' लागत नाही, त्याचा हात आपला आपण जातो. मग आमच्या घरात सगळंच ताटासारखं सांगायची सवय लागली. गंगेवरची नाव असो की शेजारणीची नवी साडी, आधी वर काय, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग मधलं. आणि शेवटी अण्णा विचारायचा, "तूप काय?"

तूप म्हणजे ज्यासाठी ते बघायचं, ते. शेजारणीच्या साडीचं तूप एकदा मी सांगितलं होतं, "काठ उसवलाय आणि तिला माहीत नाहीये." अण्णा दोन दिवस हसत होता.

तो तेरा वर्षांचा आणि मी आठची असताना आई आम्हाला म्युझियम बघायला घेऊन गेली. हेच ते, जिथे मी पुढे नोकरीला लागले. (नाव देत नाही.) आई दाराशी बाकावर बसली आणि मी अण्णाचा हात धरून फिरवत होते. एका कोनाड्यात दगडाची एक बाई होती, हातभर उंचीची, मनगटावर पोपट घेतलेली. मी सांगायला लागले. वर केसांचा अंबाडा, डावीकडे पोपट, उजवीकडे झाडाची फांदी...

इथे माझी एक चूक झाली. पोपट खरा होता उजवीकडे. पण अण्णाला मी रोज समोर उभी राहून वाढायचे. माझा उजवा हात म्हणजे त्याची डावी बाजू, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की मूर्तीसमोरही मी तसंच उलटं सांगितलं. पोपट डावीकडे, चटणीच्या जागी.

अण्णानं विचारलं, "तूप काय?" आणि मी बघतच होते तेवढ्यात पहारेकरी आला. "ए लड़की, अंधे को काहे घुमा रही हो? कुछ गिरा देगा तो? चलो, बाहर!"

अण्णा तिथल्या तिथे ताठ झाला. रात्री जेवताना म्हणाला, "चिमे, त्या पोपटवालीचं तूप राहून गेलं."

चिमी म्हणजे मी. हे नाव घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर तो पुन्हा म्युझियमला आला नाही. मी तिथेच नोकरीला लागले, किती वेळा म्हटलं, चल, आता तुला कोण अडवतंय बघू! एकच उत्तर, "कुणाचा हात धरून नाही यायचं. एकटा येता आलं तर येईन." आणि वर मिश्कीलपणे, "तूप तयार ठेव हं. कमसकम गरम तरी कर."

९८ च्या शेवटी आमच्या म्युझियमची वेबसाइट करायचं ठरलं. लखनौचे दोन इंजिनिअर आले. बेचाळीस वस्तूंचे फोटो त्यावर जाणार होते. त्यातल्या एकानं मला सहज सांगितलं की प्रत्येक फोटोच्या मागे चार ओळी लिहून ठेवायची सोय असते. ज्याला फोटो दिसत नाही त्याला त्या ओळी मिळतात. विद्यापीठात एका केंद्रात बोलणारा कंप्युटर आलाय, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं असतात आणि यंत्र ती इंग्रजीतून मोठ्यानं वाचतं, हेही त्यानंच सांगितलं.

घरी येऊन मी अण्णाला सांगितलं. त्यानं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मला एकट्याला येता येईल."

"हो."

"तिकीट नाही, पहारेकरी नाही..."

"नाही रे बाबा!"

पन्नाशीला टेकलेला माणूस, पण त्या दिवशी त्यानं आईच्या हातचे चार लाडू लागोपाठ खाल्ले.

तीन महिने मी ऑफिस सुटल्यावर बसून बेचाळीस वर्णनं लिहिली. इंग्रजीत, पण ताटाच्या क्रमानं. पोपटवालीचं लिहिताना पोपट नीट उजवीकडे घातला. तूप मात्र कुठेच लिहिलं नाही. सरकारी कागदावर तूप कसं वाढणार?

शेवटच्या आठवड्यात आमच्या म्युझियमच्या साहेबांनी सगळं तपासलं. "ये क्या है?" मी सांगितलं. ते हसले. वाईट माणूस नव्हते, पण हसले. "मॅडम, अंधा आदमी म्यूज़ियम की वेबसाइट पर क्या करेगा? पेज भारी हो जाएगा. वो कहावत है न, अंधे के आगे रोए, अपने नैन खोए. हटाइए." आणि मग विचारलं, "किसके लिए लिखा है ये सब?"

'मेरे भाई के लिए.' चार शब्द होते. मी बोलले नाही. इतक्या वर्षांनीही माझी नोकरी पक्की झालेली नव्हती, कागद वर गेलेले होते. मी म्हटलं, "जी, ऐसे ही." आणि माझ्या डोळ्यांदेखत इंजिनिअरनं सगळं काढून टाकलं.

संध्याकाळी अण्णा दारातच उभा होता. "घातलंस ना?"

"हो. बेचाळीसच्या बेचाळीस."

आवाजावरून मूड ओळखणारा माणूस. त्याच्यासमोर मी खोटं बोलले, आणि तो म्हणाला, "शाब्बास चिमे."

मी रोज ठरवायचे, आज सांगू. नाही सांगितलं. पुढच्या पंधरवड्यात एका शनिवारी बँक अर्धा दिवस होती, तरी तो चारला घरी आला. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, "म्युझियम बघून आलो. एकटा गेलो विद्यापीठात, रिक्षा करून." मी हातातलं भांडं खाली ठेवलं. कसंबसं विचारलं, "कसं होतं?"

"मोठं आहे गं. पाय दुखले." मग काठी कोपऱ्यात ठेवत, "भूक लागली. वाढतेस?"

मी वाढलं. तो जेवला. मी स्वतःची समजूत घातली की कदाचित जुनी फाइल राहिली असेल, त्याला सगळं ऐकायला मिळालं असेल. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो.

नवव्या दिवशी सकाळी बँकेत जायला निघाला, मंगलागौरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसला आणि गेला. हृदयविकार. लोक त्याला उचलून घरी घेऊन आले तेव्हा त्याची काठी एकानं वेगळी, जपून आणली होती. ते मला अजून आठवतं.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विद्यापीठातल्या त्या केंद्रात गेले. त्यानं काय ऐकलं, ते मला ऐकायचंच होतं. तिथे पांडेजी म्हणून ऑपरेटर होते, साठीकडे झुकलेले, अण्णाला त्यांनीच बसवलं होतं. अण्णा गेल्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बहनजी, हम तो बगल में ही बैठे थे. एक-एक पन्ना खुलवाया उन्होंने. हर फोटो पर मशीन बस एक ही बात बोले – इमेज. बयालीस बार. हमने कहा, भाई साहब, इसमें कुछ नहीं है, छोड़िए. बोले, नहीं, मेरी बहन ने लिखा है, आगे कहीं होगा."

हे लिहितानाही मला थांबावं लागलं.

मी म्हटलं, मला तसंच ऐकवा, पहिल्यापासून. त्यांनी साइट उघडली. यंत्राचा आवाज सुरू झाला, कोरडा, परदेशी. इमेज. पुढचं पान. इमेज. मी मोजत होते. शिक्षा म्हणूनच मोजत होते म्हणा ना. तीस झाले, एकतीस झाले... बत्तिसावी पोपटवाली.

यंत्र 'इमेज' म्हणालं नाही.

ते काहीतरी अडखळत वाचायला लागलं. पांडेजी पुढे झुकले. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी होतं. मी ते बोट ठेवून वाचलं.

'वर अंबाडा. डावीकडे पोपट, चटणीच्या जागी. उजवीकडे फांदी. मध्ये बाई उभी. तूप राहिलं आहे. चिमी वाढेल.'

डावीकडे पोपट! माझ्या कागदात उजवीकडे होता. डावीकडचा पोपट जगात फक्त दोन माणसांच्या डोक्यात होता. एक मी, आणि दुसरा चौदा दिवसांपूर्वी गेलेला.

पांडेजी नुसतं म्हणत राहिले, "उस दिन नहीं था, बहनजी. गंगा मैया की सौगंध, उस दिन ये नहीं था." मी ते तिथल्याच एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं. उरलेली दहा पानंही ऐकली. दहाही वेळा इमेज.

दुसऱ्या दिवशी लखनौला त्या इंजिनिअरांना फोन केला. साइटची किल्ली त्यांच्याकडेच होती. ते म्हणाले, चालू झाल्यापासून कुणी हातच लावलेला नाही, आणि आम्हाला मराठी कुठे येतं? आठवड्यानं पांडेजींनी पुन्हा पान उघडलं तर तिथेही 'इमेज'. माझ्याकडे आहे ती फक्त चिठ्ठी, आणि ती माझ्याच अक्षरात. नोंदणीवाल्या बाईला एवढं नक्की कळतं की याला पुरावा म्हणत नाहीत.

फोन केला त्याच दिवशी मी त्या कोनाड्यासमोर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं रोज तिच्यासमोरून जात होते, उंची मोजली होती, नंबर रंगवला होता. तूप बघितलंच नव्हतं. शाळेची मुलं आली होती, साहेबही त्यांच्याबरोबर होते. मी मोठ्यानं बोलले. मराठीत, सगळ्यांसमोर.

"अण्णा, पोपट उजवीकडे आहे रे, माझं चुकलं होतं. आणि तूप असं, की ती त्याच्याकडे बघत नाहीये. तिनं डोळे मिटलेत. पोपट बोलतोय आणि ती ऐकते आहे."

साहेबांनी विचारलं, "क्या हुआ? किससे बात कर रही हैं?"

"मेरे भाई से," मी म्हटलं. चार शब्द तेव्हा जड झाले होते, हे तीन सहज निघाले. काय उपयोग?

पुढे काही वर्षांनी साइट नव्यानं झाली तेव्हा मी भांडून बेचाळीसही वर्णनं घालून घेतली. पण ते असो.

ते कुणी लिहिलं, कसं लिहिलं, मला आजही सांगता येत नाही. लोक म्हणतात, त्यानंच जाण्याआधी कुणाकडून तरी घालून घेतलं असेल. असेलही. मला त्यानं फरक पडत नाही. कसंही आलं असलं तरी अर्थ एकच निघतो. मी खोटं बोलले, हे त्याला कळलं होतं. तरी त्यानं ताटावरून उठायचं नाही असं ठरवलं, आणि पहिला घास न घेता माझ्या तुपासाठी थांबला.