मागे लावलेली तारीख

मुलुंडच्या आमच्या घरात संगणकासमोर कायम दोन स्टुलं असत. संध्याकाळचा चहा झाला की आई-बाबा तिथे बसून दोन बेडकांचा खेळ खेळत. ब्राउझरमध्ये चालणारा, लहान पोरांचा खेळ. एका बेडकाने फळीवर उभं राहायचं, तेवढा वेळ दुसऱ्यासाठी दार उघडं. मग पलीकडे गेलेल्याने तिथली फळी दाबून पहिल्याला घ्यायचं. दोघं पलीकडे गेल्याशिवाय डाव पुरा होत नसे. कीबोर्ड एकच, बाणांची बटणं बाबांकडे, डावीकडची अक्षरं आईकडे. बाबा मुळात उतावळे. आई फळीवरून जरा लवकर उतरली की ओरडत, "माका हंय अडकवन खंय चललंस गो?" मग आई मुद्दाम पुन्हा उतरायची.

बाबा हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. त्यानंतर आई एकटीच दोन्ही बेडूक चालवू लागली. डावा हात तिचा, उजवा बाबांचा. नातेवाईक म्हणत, या वयात देवाचं नाव घ्यायचं सोडून हे काय? मला त्यांचा संताप येई. आपलं माणूस गेल्यावर कसं जगायचं, हे सांगणारे हे कोण?

मग फ्लॅश नावाचं ते जुनं सॉफ्टवेअर कायमचं बंद झालं. हा खेळ त्याच्याच जिवावर चालायचा. बेडकांच्या जागी राखाडी चौकोन आला. आई दोन्ही हात बटणांवर ठेवून बसून राहिली. "तुझ्या ऑफिसात कोणाक येता काय बघ," एवढंच म्हणाली. एरवी ती कधी काही मागत नाही. मला फार वाईट वाटलं.

ऑफिसातल्या मित्राने तोड सांगितली. खेळ संगणकात उतरवून घे, जुनाच ब्राउझर ठेव, इंटरनेटची वायर काढ आणि तारीख मागची लाव. ते सॉफ्टवेअर तारीख बघूनच अडतं. मी सुचेल ती जुनी तारीख लावली. बेडूक परत आले. आईने चष्मा पुसून पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली आणि खेळायला बसली.

पुढे ती खेळताना बोलू लागली. "थांबा हो, मी खंय पळतंय?" मी स्वयंपाकघरातून ऐकायचो. घर भरल्यासारखं वाटायचं. संगणकातली तारीखही रोज पुढे सरकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या ह्यो चालू करू नको. उद्या ह्यांका हॉस्पिटलात न्हेवचा आसा."

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. बाबांना हॉस्पिटलात नेलं, त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती. घाईने म्हणालो, "आई, परत मागे लावतो ना. चांगली वर्षभर मागे लावतो."

"आणि मगे परत ह्योच दिवस येतलो," ती म्हणाली. "एकदा न्हेलंय मी त्यांका. परत परत माका जमाचा नाय. आजची तारीख लाव."

"खेळ बंद पडेल."

"पडांदे. पण आधी एक डाव खेळतंय."

तिने स्वतःचा बेडूक फळीवर उभा केला. दार उघडलं. उजव्या हाताने तिने बाबांचा बेडूक सावकाश पलीकडे नेला. आता तिचा बेडूक न्यायचा राहिला होता, पण डाव्या हाताची बोटं तिने हलवली नाहीत.

"लाव आता," ती म्हणाली.